कुलूप नसलेला मदरबोर्ड

बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज किंवा लिनक्स उमटेपर्यंत संगणकात बरंच काही घडून गेलेलं असतं. प्रोसेसर जागा होतो, मेमरी जुळवली जाते. हे करणारं फर्मवेअर आपण पैसे मोजून घेतो, पण बहुतेक यंत्रांत ते आपल्याला वाचता येत नाही. इंटेलच्या चिपसेटमध्ये तर मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र छोटा संगणकच असतो. मुख्य यंत्र झोपलं तरी तो जागा राहू शकतो. त्याच्या पोटात मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते, हे २०१७ मध्ये जगजाहीर झालं. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिणाऱ्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनाही आपलं काम एवढं पसरल्याचं बातम्यांतूनच कळलं!

त्याच वर्षी अमेरिकेतल्या रॅप्टर कंप्युटिंग सिस्टिम्स या लहानशा कंपनीने ‘टॅलॉस टू’ हा मदरबोर्ड जाहीर केला. त्याआधी आयबीएमच्या पॉवर-८ प्रोसेसरवरच्या बोर्डासाठी लोकवर्गणीची मोहीम काढून ती हात पोळून बसली होती. तरी या खेपेला तिने आयबीएमचाच पॉवर-९ निवडला. कारण सरळ होतं : त्याच्या फर्मवेअरचा सोर्स कोड आयबीएमने खुला केला होता.

या बोर्डावर हॉस्टबूट प्रोसेसर आणि मेमरी उभी करतं, मग स्कीबूट सूत्रं हाती घेतं आणि शेवटी पेटिटबूट मेनू दाखवतं. पेटिटबूट चालतं तेही खरं तर एका आटोपशीर लिनक्सवरच. वीज आणि पंखे सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपवर ओपनबीएमसी. यातलं काहीही उघडा, बदला, पुन्हा बांधून बोर्डात भरा. कंपनीची सही मागायला कोणी येत नाही.

सलत राहिली ती ब्रॉडकॉमची नेटवर्क चिप, कारण तिचं फर्मवेअर बंद होतं. बाहेरच्या हौशी मंडळींनी तोही प्रश्न सोडवला. एकाने मूळ फर्मवेअर उकलून ते काय करतं याचं फक्त वर्णन लिहिलं आणि मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. कॉपीराइटला धक्का न लावण्याची ही वाट मला अख्ख्या यंत्राइतकीच देखणी वाटते. वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य जपणाऱ्या यंत्रांना फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन देतं ते प्रमाणपत्र २०१९ मध्ये या बोर्डाला मिळालं.

हे स्वातंत्र्य स्वस्त नाही. बोर्ड आणि प्रोसेसर मिळून हजारो डॉलर लागतात, विंडोज चालत नाही, इंटेलसाठी बांधलेले प्रोग्रॅमही तसेच्या तसे चालत नाहीत.

गंमत पुढेच आहे. २०१९ मध्येच आयबीएमने पॉवरचा आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी, सर्वांना खुला केला. म्हणजे त्या आज्ञा पाळणारा प्रोसेसर कोणीही रॉयल्टी न देता बनवावा. २०२१ मध्ये पॉवर-१० आला, तेव्हा मात्र मेमरी आणि पीसीआय एक्स्प्रेस सांभाळणाऱ्या भागांचं फर्मवेअर बंद निघालं. कागदावर आर्किटेक्चर पूर्वीपेक्षा मोकळं, यंत्र मात्र पूर्वीपेक्षा बंदिस्त. ही अडचण एकट्या पॉवरची नाही. रिस्क-फाइव्ह हा दुसरा आज्ञासंच जन्मापासून खुला आहे. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर त्यावरच बेतलेत. पण हा आज्ञासंच वापरणाऱ्या प्रत्येक बोर्डाचं फर्मवेअर खुलं असेल, याची हमी तिथेही नाही.

रॅप्टरने पॉवर-१० चा बोर्ड काढलाच नाही. ती पॉवर-९ विकत राहिली.