पातेऱ्यातली उडी

रत्नागिरीच्या बागायतदाराची मान बहुतेक वेळ वरच असते. मोहोर किती फुटला, कैरी धरली का, नारळ पाडायला झाला का, सगळं वर बघून ठरतं. पायाखालचा पातेरा झाडून गोळा करायचा, नाहीतर भाजावळीला न्यायचा, एवढाच त्याचा हिशेब. मॅक्रो फोटोग्राफीचं वेड लागलं की हा हिशेब फिरतो. गुडघे मातीला टेकतात आणि बागेतली खरी वर्दळ कुठे आहे ते कळतं.

दिवाळीच्या सुमाराला सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं. पण तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेललेली पोफळीची बाग सावलीमुळे आणि शिंपण्यामुळे ओली राहते. तिथे गळून पडलेली विरी किंवा कुजायला लागलेली झावळ अलगद उलटी करा. खालच्या अंगाला पांढरट, करडे, जांभळट ठिपके हलताना दिसतील. बोट जवळ नेलं की ठिपका गायब! तो स्प्रिंगटेल. जांभ्याच्या गडग्यावरच्या शेवाळातही तो सापडतो.

हा प्राणी बहुधा एक-दोन मिलिमीटरचा. पाय सहा, पंख अजिबात नाहीत. तोंडाचे अवयव डोक्याच्या आत दडलेले असतात, म्हणून आजचे अभ्यासक त्याला कीटकांच्या शेजारचा, पण वेगळा गट मानतात. पोटाखाली एक दुभागलेला काटा दुमडून बारीक आकड्यात अडकवलेला असतो. धोका जाणवला की आकडा सुटतो, काटा जमिनीवर आपटतो आणि स्वारी हवेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात संशोधक एड्रियन स्मिथ यांनी गोल अंगाच्या एका जातीवर सेकंदाला 40,000 चित्रं टिपणारा कॅमेरा लावला. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सेकंदाला 368 कोलांट्यांपर्यंतचा वेग मोजला गेला. आपल्या कॅमेऱ्यात ही उडी मिळणार नाही. टिपायचं ते उडीच्या आधीचं आणि नंतरचं.

आणि नंतरचंच जास्त मजेदार आहे. उताणा पडलेला गोल स्प्रिंगटेल पोटाखालच्या नळीतून दोन पारदर्शक, चिकट धागे बाहेर काढतो, ते जमिनीला टेकवून स्वतःला सरळ करतो. याच धाग्यांनी तो अंग पुसूनही घेतो. ही नळी पाणी शोषायचंही काम करते. अंगाची कातडी मात्र भिजत नाही. तिच्यावरच्या सूक्ष्म दाण्यांमुळे हवेचा थर धरून राहतो आणि पावसात वाहून गेलेला स्प्रिंगटेल डबक्यावर खुशाल तरंगतो. या घराण्याचं वयही थोडंथोडकं नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या दगडात त्याचा सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म मिळाला. 1926 साली त्याचं वर्णन करणाऱ्या दोघांपैकी एक होते ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे बंगाली कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. साध्या मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर मूळ आकाराची उमटते. फुल-फ्रेम सेन्सर 36 मिलिमीटर रुंद, म्हणजे एक मिलिमीटरचा स्प्रिंगटेल फोटोत छत्तिसावा हिस्सा व्यापतो. त्याचे डोळे दिसायला चार-पाच पट मोठं करावं लागतं. कॅननची 1999 साली आलेली 65 मिलिमीटरची एमपी-ई लेन्स एक ते पाच पट मोठं करते. ती परवडत नसेल तर आहे त्या मॅक्रो लेन्सवर रेनॉक्स डीसीआर-250 हे चिमट्याचं भिंग चढवावं, किंवा जुनी लेन्स रिंग लावून उलटी बसवावी.

खरी अडचण फोकसच्या खोलीची. पाच पटीवर लेन्सचं छिद्र 2.8 एवढं उघडं ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाच असतो. डोळा स्पष्ट, शिंग धूसर. छिद्र 16 पर्यंत मिटलं तर पट्टा पाव मिलिमीटरवर जातो, पण मग प्रकाश पसरून सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून मधला आकडा घ्यायचा, फोकसची रिंग सोडून द्यायची आणि श्वास धरून कॅमेराच केसभर पुढेमागे करायचा. प्राणी स्थिर बसला तर थोड्या थोड्या अंतरावर फोकस करून बरेच फोटो घ्यावेत. संगणक त्यातले स्पष्ट भाग एकावर एक रचून एक चित्र करतो.

पोफळीतल्या अंधारात फ्लॅशला पर्याय नाही. त्याची ताकद कमी ठेवली की झळक इतकी क्षणिक होते की हाताचा कंप दिसत नाही. समोर ट्रेसिंग पेपरचा पडदा हवाच, नाहीतर तुकतुकीत अंगावर पांढरा डाग पडतो. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, तेव्हा काम झालं की सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सामान ठेवावं.

मान पुन्हा वर केली तरी हाच कॅमेरा उपयोगी पडतो. मोहोरावरचा तुडतुडा बागायतदाराला फवारणीच्या बिलामुळे चांगला ठाऊक असतो. मोठ्या चित्रात त्याची पिल्लं देठाला तोंड खुपसून बसलेली आणि मागून गोड थेंब सोडताना दिसतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते. आंब्याची पानं जोडून घर करणाऱ्या हुंबील मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात, हेही असंच जवळून बघण्यासारखं.

पुन्हा पातेऱ्याकडे. स्प्रिंगटेल बहुतेक करून बुरशी आणि कुजकी पानं खातो, आणि त्यातून झाडाचं अन्न मातीत लवकर उतरतं. म्हणून झाडाच्या आळ्यात पातेरा पसरून ठेवणं झाडालाही चांगलं आणि फोटोग्राफरलाही. फोटोसाठी प्राण्याला फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणारे लोक आहेत. ते करू नये. उलटी केलेली विरी जागच्या जागी ठेवून द्यावी.

फोटोखाली जातीचं नाव लिहायची घाई मात्र नको. जात ठरते ती पायाच्या नख्या आणि अंगावरच्या केसांची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. हे काम आपल्याकडे जुनं आहे: कीटकशास्त्रज्ञ ए. डी. इम्स यांनी 1912 साली भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या स्प्रिंगटेलांवर निबंध लिहिला. अशा अभ्यासाचे नमुने आजही अल्कोहोलमध्येच ठेवतात आणि अल्कोहोलमध्ये रंग उडतो. स्प्रिंगटेल चालतो कसा, काय खातो, अंग कसं पुसतो, यातलं काहीच बाटलीत उरत नाही. ते फोटोत उरतं. सोबत तारीख, गाव आणि कोणत्या झाडाखाली दिसला एवढं लिहिलेलं असेल तर अभ्यासकाच्याही कामाला येतं. कोकणातल्या या प्राण्यांची ओळख पक्की व्हायला बाटली आणि फोटो दोन्ही लागतील. पहिलं काम प्रयोगशाळेचं. दुसऱ्याला दारातली बाग पुरते.