अकरा डोस, नऊ कुप्या

भिवंडीत एकच सूत आणि एकच डिझाइन दोन मागांवर चढवा. दोन्ही ताके शेजारी ठेवले, की जुना विणकर नुसतं बोट फिरवून सांगतो, हा त्या मागावरचा. ट्रास्टुझुमॅब या औषधाची नक्कल करणं एवढं अवघड का, ते मला या ताक्यांवरून उमगलं.

स्तनाचा कर्करोग झालेल्या साधारण पाचांतल्या एकीच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन भरमसाट असतं. त्यालाच जाऊन चिकटणारं हे औषध. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत अणू 21. इथे नुसती अमिनो आम्लंच 1328, चार साखळ्यांत ओवलेली! ही वीण जिवंत पेशींची. 1957 च्या सुमारास एका चिनी हॅमस्टर मादीच्या बीजांडकोशातून घेतलेल्या पेशींचा वंश आजही पोलादी टाक्यांत वाढतोय. टाकीतली उष्णता जराशी हलली, तरी प्रथिनावरच्या साखरेच्या शेपट्या बदलतात. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या औषधाला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात: हुबेहूब नसेल, पण चाचण्यांत तसंच वागणारं.

मूळ औषध अमेरिकेत 1998 मध्ये आलं, बायोकॉन कंपनीचं बायोसिमिलर भारतात 2014 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पण यादीतलं नाव काही शिरेत टोचता येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशव्यापी जाळ्यातल्या रुग्णालयांनी कर्करोगाच्या 40 औषधांचा एकत्र भाव केला, तेव्हा किमती 23 पासून थेट 99 टक्क्यांपर्यंत उतरल्या. सूत घेणाऱ्या भिवंडीकराला यात नवल वाटणार नाही. मला वाटलं.

आता कुपीकडे बघा. समजा, भिवंडीची साठ किलो वजनाची बाई ठाण्याहून लोकल धरून परळला येते. पहिला डोस 480 मिलिग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी 360, असं वर्षभर. मोठी कुपी मात्र 440 ची. 360 च्या दर डोसामागे 80 उरतात, आणि हे उरलेलं फेकणं म्हणजे पैसेच मोरीत ओतणं. सोबतच्या जंतुरोधक पाण्यात कालवलेली कुपी फ्रिजमध्ये 28 दिवस टिकते. पुढचा डोस 21 दिवसांनी, म्हणजे उरलेलं त्यात वापरता येतं. किंवा अशा सगळ्या बायकांना एकाच दिवशी बोलवायचं. 360 चे 11 डोस म्हणजे 3960. 440 च्या 9 कुप्या म्हणजेही 3960.