पुस्तक कसं लिहिलंत, हे कोण विचारणार?

नांदेडचा किंवा लातूरचा लेखक मुलाखतीसाठी मंचावर बसला की पुढचा तासभर काय होणार, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. बालपण कुठे गेले, घरची परिस्थिती कशी होती, शिक्षणासाठी किती पायपीट केली. माणूस लातूरचा असेल तर ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आणि २०१६ साली मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे हे विषय येतात. नांदेडचा असेल तर निजामी राजवट आणि १९४८ चा मुक्तिसंग्राम. मग पुरस्कार, मग घरच्यांची साथ आणि शेवटी नवोदितांसाठी संदेश. ज्या पुस्तकामुळे हा माणूस मंचावर आला, ते पुस्तक तासभर टेबलावर मिटलेलेच राहते. त्यातले एखादे पान उघडून ‘हे असे का लिहिले, आधी वेगळे होते का’ असे विचारणारा क्वचित भेटतो. माझे म्हणणे असे आहे की कलावंताशी बोलताना त्याच्या कामाविषयी, म्हणजे रचना, निवड, खाडाखोड आणि रियाज यांविषयी विचारणे हाच मुलाखतीचा गाभा असायला हवा. मराठवाड्यातल्या कलावंताच्या बाबतीत याची निकड अधिक आहे, कारण आपण त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि लेखक म्हणून त्याला जे सांगायचे असते ते ऐकतच नाही. दुष्काळ हजारोंनी भोगला. त्याची कथा मोजक्यांनाच लिहिता आली. त्यांना ती कशी लिहिता आली, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

असे विचारण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे कुणी म्हणू नये. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे नाव नांदेडला सांगावे लागत नाही. पीपल्स कॉलेजात शिकवणारा, पुढे तिथलाच प्राचार्य झालेला हा समीक्षक लेखकांशी बोलायचा तो त्यांच्या कामाच्या अंगाने. रणजित देसाई ‘स्वामी’मुळे लोकप्रिय झाले होते आणि शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीकडे वळले होते. कुरुंदकरांनी त्यांना दीर्घ पत्र लिहिले, आणि ‘श्रीमान योगी’ १९६८ साली आली ती हेच लेखन प्रस्तावना म्हणून घेऊन. आजही अनेक वाचक कादंबरीइतक्याच आस्थेने ही प्रस्तावना वाचतात. त्यात गौरवाची वाक्ये शोधत बसावे लागते. भर आहे तो प्रश्नांवर. साधने कुठे बोलतात, कुठे गप्प होतात, ऐतिहासिक पुरुषाचे मोठेपण नेमके कशात मानायचे, दंतकथेचे काय करायचे. एक लेखक आणि एक समीक्षक एका पुस्तकाच्या घडणीवर बोलत आहेत आणि आपण ते ऐकतो आहोत, असा हा प्रकार आहे. मुलाखतीचा साचा त्याला नाही, पण चांगल्या मुलाखतीत जे हवे ते सगळे आहे. तयारी करून आलेला, मतभेदाला न कचरणारा आणि समोरच्याच्या कामाला स्वतःच्या कामाइतकेच गंभीर मानणारा माणूस इथे प्रश्न विचारतो आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामाजिक बाजूने, आणि तो वजनदार आहे. मराठवाड्यातले लेखन जगण्यातून आले, दलित आणि ग्रामीण साहित्याने तर अनुभवाच्या खरेपणावरच आपला हक्क सांगितला. अशा लेखकाला शब्द, रचना, तंत्र विचारत बसणे म्हणजे त्याच्या वेदनेला बगल देणे नाही का? प्रश्न तंत्रावर थांबला तर आक्षेप खराच ठरेल. पण चांगला प्रश्न तंत्रावर थांबत नाही. नांदेडला अध्यापन केलेले नाटककार दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ घ्या. त्यात आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या एकमेकींसमोर उभ्या आहेत. काका बाबासाहेबांच्या काळातले कार्यकर्ते, सतीश प्राध्यापक झालेला मधल्या पिढीचा, अर्जुन पेटलेला तरुण. आणि सतीशची ब्राह्मण घरातून आलेली पत्नी हेमा. नाटककाराला ‘चळवळीबद्दल आपले मत काय’ असे विचारले तर भाषणवजा उत्तर मिळेल. ‘हा वाद एकाच घरात का आणला, तिघांपैकी कुणाच्या तोंडी शेवटचा शब्द द्यायचा हे कसे ठरवले, हेमा नसती तर काय बिघडले असते’ असे विचारा. आता त्याला चळवळीविषयीच बोलावे लागेल, पण अधिक नेमके आणि अधिक प्रामाणिक. एका लेखकाने आपले मत तीन माणसांत वाटून दिले असेल, तर तिघांनाही त्याने थोडेथोडे बरोबर मानले आहे. ही गोष्ट राजकीय आहे, आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट रचनेतून जाते. दलित लेखकाला फक्त अनुभव विचारणे हा त्याचा सन्मान आहे असे मला वाटत नाही. रचना, शैली, प्रयोग यांवर बोलायचा मान आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो, एवढेच त्यातून दिसते.

व्यंगचित्रकाराच्या बाबतीत तर प्रश्न विचारणाऱ्याची आणखी मोठी कसोटी लागते. चित्र दोन क्षणांत पाहून होते, म्हणून त्यावर बोलण्यासारखे काही नसते असा समज आहे. ‘कल्पना सुचतात कशा’ या एका प्रश्नावर सगळे संपते. हा समज खोडणारे काम नांदेडमध्ये बसून झाले आहे, याचा इथल्या वाचकाला अभिमान वाटायला हवा. आर. के. नारायण यांना मराठीत आणणारे नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर हे व्यंगचित्रांचे साक्षेपी आस्वादक. त्यांचे पुस्तकच आहे ‘हसऱ्या रेषेतून हसवण्याच्या पलीकडले’, आणि दिलीप माजगावकरांसह त्यांनी संपादित केलेला ‘रेषालेखक वसंत सरवटे’ हा ग्रंथ मराठीत एका व्यंगचित्रकाराकडे किती गंभीरपणे पाहता येते याचा नमुना आहे. सरवटे (१९२७–२०१६) पेशाने स्थापत्य अभियंता. ‘ललित’ मासिकातल्या जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला त्यांनी चेहरा दिला, पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतली माणसे रेषेत पकडली. आता विचार करा, ठणठणपाळ हा माणूस अस्तित्वातच नव्हता. दळवींनी घेतलेले ते एक सोंग होते. नसलेल्या माणसाचे नाक कसे असावे, तो उभा कसा राहील, हे ठरवताना चित्रकार लेखकाच्या वाक्यांतून काय उचलतो? असा प्रश्न ज्याला सुचतो त्याने आधी ते चित्र नीट, वेळ देऊन पाहिलेले असते. सरवट्यांनी स्वतः आपल्या कलेविषयी सविस्तर लिहिले, कारण या कलेला विचार असतो आणि तो सांगता येतो, यावर त्यांचा विश्वास होता.

संगीतात अडचण वेगळी आहे. गवयाचे ज्ञान गळ्यात असते, शब्दांत ते अर्धेमुर्धेच उतरते. तरीही बी. आर. देवधरांनी मराठीत काय करून ठेवले ते पाहावे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य, कुमार गंधर्वांचे गुरू. आवाजाच्या साधनेचा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. मोठमोठ्या गवयांना ते भेटले, बोलते केले, आणि त्यातून ‘थोर संगीतकार’सारखे पुस्तक उभे राहिले. ते स्वतः गाणारे होते, म्हणून आवाज कसा लावता, रियाज किती आणि कसला, हे विचारू शकले. पंडित नाथराव नेरळकर नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि पुढे औरंगाबादेत त्यांनी शिष्य घडवले. अशा परंपरेत एका गुरूने नेमके काय दिले, कोणती तान वर्षभर घोटून घेतली, काय गायला मनाई केली, हे शिष्यालाच ठाऊक असते. २०२१ मध्ये नेरळकर गेले. गुरूचा काळ पाहिलेला एकेक माणूस जातो तसा त्या माहितीचा एकेक साठा कायमचा बंद होतो. आणि हे फक्त शास्त्रीय गाण्याला लागू नाही. माळेगावच्या यात्रेत गाणारा वाघ्या, माहूरच्या रेणुकेचा गोंधळी यांना ‘ही कला किती पिढ्यांची’ एवढेच विचारून कॅमेरा पुढे सरकतो. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत मराठवाड्यातल्या गावांच्याही आहेत. आज हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाकडे आहे. त्या कामाची मोठी गोष्ट मला ही वाटते की ओवीला गाणारणीचे नाव आणि गाव मिळाले. लोकगीत म्हटले की ते आपोआप उगवले असे आपण धरतो. नाव लिहिले की त्या बाईला विचारता येते: ही ओळ आईची, की तुम्ही घातली?

दुसरा आक्षेप कलावंतांकडूनच येतो: आम्हाला ते सांगता येत नाही, आणि सांगितले तर खोटे असते. यात तथ्य आहे. एडगर ॲलन पो याने १८४६ साली निबंध लिहून आपली गाजलेली कविता आपण गणितासारखी पायरीपायरीने कशी रचली ते सांगितले; त्यावर अनेक अभ्यासकांचा विश्वास बसलेला नाही. पण ‘ठाऊक नाही’ हेसुद्धा उत्तर असते, ते नेमक्या जागी आले तर. देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचा सचिव म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९५३ मध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात म्हणाला की ‘अ पॅसेज टू इंडिया’ लिहायला घेतली तेव्हा मराबारच्या गुहेत काहीतरी महत्त्वाचे घडते हे त्याला माहीत होते, काय घडते ते माहीत नव्हते. ही कादंबरी वाचलेल्या माणसाला या एका कबुलीतून तिचा कणा दिसतो. चित्रपट दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोने १९६२ मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकला एकेक चित्रपट घेऊन विचारले, तेव्हा दुधाचा पेला पडद्यावर चमकावा म्हणून आत दिवा ठेवला होता, असे उत्तर मिळाले. प्रश्न जितका बारीक, तितकी थाप मारायला जागा कमी. सामान्य वाचकाला असल्या गोष्टी रुक्ष वाटतील, ही भीतीही याच उदाहरणाने जाते. त्या दिव्याची गोष्ट चित्रपट न पाहिलेलेही आवडीने सांगतात.

उरतो तो छापण्याचा प्रश्न, आणि इथे आपल्या नियतकालिकांना बरीच दुरुस्ती करायला हवी. दिवाळी अंकातल्या मुलाखती बहुधा ‘शब्दांकन’ होऊन येतात. प्रश्न गाळले जातात, उत्तरे जोडून एकसलग मनोगत तयार होते, आणि ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणणारा लातूरकर छापताना पुण्याच्या प्रमाण मराठीत बोलू लागतो. ज्या बोलीत त्याच्या पात्रांचे संवाद आहेत, तीच त्याच्या तोंडून काढून घेतली जाते. प्रश्न छापायला हवेत, कारण उत्तर कशाला दिले होते हे वाचकाला कळले पाहिजे. मजकूर छपाईआधी कलावंताला दाखवायला हवा; ‘पॅरिस रिव्ह्यू’ने ही रीत पाळली आणि तिच्यामुळे लेखक अधिक मोकळे बोलले. मूळ ध्वनिमुद्रण जपायला हवे. १९९४ पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूर त्याच्याच कक्षेत येते, दोन्ही शहरांत जुनी महाविद्यालये आणि त्यांचे मराठीचे विभाग आहेत. उदगीरला २०२२ मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली पंच्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. एवढा सोहळा उभा करू शकणाऱ्या भागाला दरवर्षी काही लेखक, एखादा चित्रकार, काही गायक यांच्याशी हस्तलिखिते आणि वाद्ये समोर ठेवून सविस्तर बोलणे आणि ते जतन करणे अवघड नाही. विद्यार्थ्यांना आधी पुस्तक पूर्ण वाचायला लावावे लागेल, आणि गायकाकडे जाणाऱ्याला निदान राग ओळखता यायला हवा. सुरुवात वयाने सर्वांत मोठ्या असलेल्यांपासून करावी.