इंदिराराजे, महाराणी

इंदिराराजे, महाराणी : (१९ फेब्रुवारी १८९२–६ सप्टेंबर १९६८). बडोद्याच्या राजकन्या व कूचबिहारच्या महाराणी. ठरलेली संस्थानी सोयरीक मोडून स्वतःच्या पसंतीने मराठा राजकुळांबाहेर विवाह करणाऱ्या राजकन्या म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) व महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या त्या एकुलत्या एक कन्या. सयाजीरावांनी मुलींच्या शिक्षणास उत्तेजन दिले, १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. या वातावरणात वाढलेल्या इंदिराराजे यांचे शिक्षण बडोद्याच्या महाविद्यालयात झाले.

त्यांचा विवाह ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी निश्चित झाला होता. ही सोयरीक दोन मोठ्या मराठा संस्थानांना जोडणारी होती; परंतु माधवराव वयाने सुमारे १६ वर्षांनी मोठे व विवाहित होते. डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबाराच्या प्रसंगी इंदिराराजे यांचा कूचबिहारच्या महाराजांचे धाकटे बंधू जितेंद्र नारायण यांच्याशी परिचय झाला. त्यानंतर त्यांनी माधवरावांना स्वतः पत्र लिहून विवाहास नकार कळविला. पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी माधवरावांची तार बडोद्यास आली, तेव्हाच आईवडिलांना ही गोष्ट समजली. याच दरबारात सयाजीरावांनी बादशहा पाचवे जॉर्ज यांना योग्य रीतीने मुजरा केला नाही, असा आक्षेप घेतला गेल्याने त्यांच्यावर इंग्रज सरकारची आधीच वक्रदृष्टी झाली होती. त्यात ग्वाल्हेरशी बिघाड होणे राजघराण्यास परवडणारे नव्हते.

कूचबिहारच्या स्थळास आईवडिलांचा विरोध होता. बडोद्यास २१ तोफांच्या सलामीचा मान होता, तर कूचबिहारला १३ तोफांचा. ते घराणे मराठा नव्हते. शिवाय जितेंद्र यांच्या मातोश्री सुनीतिदेवी या ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या असल्याने तेथे ब्राह्म धर्माचा व पाश्चात्त्य राहणीचा प्रभाव होता. बालविवाहास कायद्याने बंदी करणाऱ्या सुधारक महाराजांनाही कन्येची निवड सहजी मान्य झाली नाही, ही गोष्ट तत्कालीन सुधारणावादाची मर्यादा दर्शविते. अखेर इंदिराराजे यांचा निश्चय पाहून त्यांना लंडनला जाऊन विवाह करण्याची मोकळीक देण्यात आली. १९१३ मध्ये तेथे ब्राह्म पद्धतीने हा विवाह झाला. त्यास माहेरचे कोणीही उपस्थित नव्हते.

विवाहसमयी जितेंद्र हे राजे नव्हते. परंतु त्याच वर्षी थोरल्या बंधूंचे निधन होऊन गादी त्यांच्याकडे आली. १९२२ मध्ये त्यांचाही मृत्यू झाला. तेव्हा ज्येष्ठ पुत्र जगद्दीपेंद्र केवळ सात वर्षांचे असल्याने इंदिरादेवींनी १९३६ पर्यंत राजप्रतिनिधी म्हणून कारभाराची सूत्रे सांभाळली. शिफॉनची साडी संस्थानी स्त्रियांत रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी १९४० मध्ये जयपूरचे महाराज सवाई मानसिंग यांच्याशी स्वेच्छेने विवाह केला. मानसिंगांच्या दोन राण्या असल्याने तो प्रारंभी इंदिरादेवींना पसंत नव्हता. उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य मुख्यतः मुंबईत होते व तेथेच त्यांचे निधन झाले.

विवाहामुळे राजकन्येचा दर्जा कसा बदलतो, या दृष्टीने जपानशी तुलना उद्‌बोधक ठरते. तेथील १९४७ च्या राजगृहविषयक कायद्याच्या १२ व्या कलमानुसार राजघराण्याबाहेरील पुरुषाशी विवाह करणाऱ्या राजकन्येचे सदस्यत्व संपुष्टात येते. सम्राट आकिहितो यांच्या कन्या सायाको २००५ मध्ये आणि नात माको २०२१ मध्ये अशा रीतीने सामान्य नागरिक झाल्या. भारतीय संस्थानांत असा लेखी कायदा नव्हता. तेथे बंधन होते ते कूळ, जात व राजकारण यांचे, आणि ते राजकन्येने विवाह करण्यापूर्वीच लागू होई. जपानी राजकन्येस स्वेच्छाविवाहाची किंमत राजपदाने द्यावी लागली. इंदिराराजे यांनी ती माहेरची नाराजी पत्करून दिली. राजपद मात्र त्यांना पतीच्या घराण्यात अनपेक्षितपणे पुन्हा लाभले.