आगीच्या नोकरीतलं घर

शिरूर आणि दौंड, दोन्ही नगरपरिषदांची गावं. पण आगीची खरी जोखीम शेजारच्या औद्योगिक वसाहतींत आहे: शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ. कुरकुंभला रसायनांचे कारखाने. तिथल्या आगीवर नुसतं पाणी मारून भागत नाही, फोम लागतो. काही रसायनं तर पाण्यानेच भडकतात. आत काय साठवलंय, हे अग्निशमन अधिकाऱ्याला दारातच विचारावं लागतं.

अग्निशमन दलातल्या नोकरीची पायरी सहसा फायरमनपासून सुरू होते. वरच्या पदांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. पद वाढलं तरी आगीपासून अंतर वाढत नाही. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासात संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी गेले. उपचारांदरम्यान सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरही गेले. चार घरं एकाच आगीने उघडी पडली.

या नोकरीतल्या माणसांच्या घरांत सणवारही ड्युटी बघूनच ठरतात. दिवाळीत तर रजा मिळणं सर्वांत कठीण.

आग दिसली तर 101 फिरवा. पत्ता, जवळची खूण आणि आत कोणी अडकलंय का, एवढं आधी सांगा. गाडीला वाट द्या.