ताडपत्रीखालचा मका

दिवाळीच्या सुमारास साक्रीहून पिंपळनेरकडे निघालं की खळ्यात, अंगणात, रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथे मका पसरलेला असतो. आभाळ भरून आलं की घरातलं लहानथोर ताडपत्री घेऊन धावतं. पाऊस पडतो तासभर. पण ऊन पडत नाही म्हणून ताडपत्री दोन-दोन दिवस निघत नाही. उचलली की खालून वाफ आणि कुबट वास. तळाचे दाणे एकमेकांना चिकटलेले, काहींच्या टोकाशी हिरवट-पिवळी भुकटी.

पंचनाम्यात आडवं झालेलं पीक मोजतात. ही भुकटी कोण मोजणार?

तिचं नाव अस्परजिलस फ्लेव्हस. तिशीच्या पुढचं तापमान आणि दाण्यातला ओलावा मिळाला की ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृतावर जातं, कर्करोगालाही कारण ठरतं. दाणे निवडले, धुतले, भाकरी खरपूस भाजली, तरी ते पुरतं जात नाही. कांदा त्या मानाने सरळ. चाळीत सडला तर वास मारतो, काजळी धरली तर दिसते. माणूस फेकून देतो. विषारी दाणा मात्र कधीकधी चांगल्या दाण्यासारखाच दिसतो.

ही नुसती भीती नाही. 1974 च्या पावसाळ्याअखेर गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने मका भिजला. तो नीट न वाळवताच साठवला गेला, आणि घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साठलं, शंभरावर माणसं दगावली. घरातलं उष्टं खाणारी कुत्रीसुद्धा मेली. साक्रीच्या पश्चिमेकडच्या भिल्ल-कोकणा वस्त्यांपासून पंचमहाल काही परमुलूख नाही.

तेव्हाचा तो अवकाळी आता वरचेवर येतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडला की दणकून पडतो. परतीचा पाऊसही रेंगाळू लागला. वायव्य राजस्थानातून मान्सून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर नेली. जूनमध्ये पेरलेला मका मात्र आपल्या वेळेलाच पिकतो. उलट ऐन दाणा भरताना पावसाने ताण दिला, तर ही बुरशी उभ्या कणसातच शिरते. म्हणजे पाऊस नसला तरी ती आहेच.

उपाय काही अवघड नाहीत. पैसा मात्र लागतो. जमिनीपासून उंच ओटा, हवा खेळती राहील अशी साठवण, गावात सामाईक वाळवणी यंत्र, ओलावा तेरा-चौदा टक्क्यांवर आल्याशिवाय पोतं न शिवणं. जुनी माणसं दाणा दाताखाली धरून ‘कट्’ वाजला का ते बघायची. तो अंदाज चांगलाच असायचा, पण दोन टक्क्यांचा फरक दाताला कळत नाही.

बाजारात व्यापारी ओलाव्याचं यंत्र लावतो आणि भाव पाडतो. ज्याला भावच मिळत नाही असं काळवंडलेलं पोतं शेतकरी घरी परत आणतो. ते उकिरड्यावर जात नाही. दावणीला गाय असते. तिने खाल्लेल्या विषाचा काही अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळूनही तो तसाच राहतो.