ओलांडणी, मालमोटारींची (चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश)

पुढे चाललेल्या वाहनास मागून गाठून त्याच्या उजव्या बाजूने पुढे जाण्याच्या क्रियेस ओलांडणी म्हणतात. दुभाजकयुक्त महामार्गावर ती केवळ मार्गिका बदलण्याची बाब असते. चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत एकच जिल्हा) येथील दुपदरी वनमार्गांवर मात्र समोरून येणाऱ्या वाहनांची बाजू काही काळ वापरावी लागते. चंद्रपूर परिसरातील कोळसा व सिमेंट, बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारा बांबू आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज यांची वाहतूक करणाऱ्या मालमोटारींमुळे येथे तिला विशेष महत्त्व आहे.

केंद्र शासनाच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने मालवाहू वाहनांची कमाल वेगमर्यादा दुभाजकयुक्त चौपदरी रस्त्यांवर ताशी ८० किमी. व दुपदरी रस्त्यांवर ६० किमी., तर मोटारगाडीची दुपदरी रस्त्यांवर ७० किमी. ठरविली. वेगांतील हा १० किमी.चा फरक वाटतो तितका सोयीचा नाही. ताशी ६० किमी. वेगाच्या मालमोटारीस ७० किमी. वेगाने ओलांडताना दोन्ही वाहनांची लांबी व सुरक्षित अंतरे धरून सु. ५० मी. आघाडी घ्यावी लागते, त्यास सु. १८ सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार सु. ३५० मी. पुढे जाते आणि समोरून ६० किमी. वेगाने येणारे वाहन सु. ३०० मी. जवळ येते. म्हणजे साडेसहाशे मीटर रस्ता मोकळा दिसावयास हवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९७६ च्या मानकात ६० किमी. वेगासाठी ३०० मी. दृष्टिअंतर पुरेसे मानले आहे, परंतु त्यात दोन वाहनांच्या वेगांत १६ किमी. फरक गृहीत आहे. दाट साग-बांबूच्या वळणांवर इतकेही अंतर क्वचितच दिसते. अशा ठिकाणी मागे थांबणे हाच एकमेव पर्याय होय.

वळण, चढाचा माथा व अरुंद पूल येथे ओलांडणी निषिद्ध आहे. ज्यास ओलांडले जात आहे त्या चालकाने वेग वाढवू नये, असाही नियम आहे. हा दुसरा नियम अधिक वेळा मोडला जातो. ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या चंद्रपूर–मूल मार्गावर वन्य प्राणी वाहनांखाली सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. मोहफुलांच्या हंगामात पहाटेच टोपल्या घेऊन निघालेली माणसे व फुलांसाठी आलेली हरणे एकाच वेळी रस्त्याकडेला असतात.

मालमोटारचालकांचे संकेतही लक्षात घेण्याजोगे आहेत. उजवा हात बाहेर काढून अर्धवर्तुळाकार पुढेमागे हलविणे म्हणजे ‘पुढे जा’. ही खूण जुन्या नियमांतही होती. अलीकडे तिच्या जागी दिशादर्शक दिवा लावला जातो. कायद्यानुसार त्याचा अर्थ वळण असा असल्याने नेमका हेतू मागच्या चालकास कळत नाही. शिवाय पुढच्या चालकाने दिलेली परवानगी त्याला दिसणाऱ्या रस्त्यापुरतीच असते. झाडीतून अचानक रस्त्यावर येणारे जनावर त्यालाही दिसलेले नसते.